जाळीआडचा गरुड: शिकारी पक्ष्यांच्या पुनर्वसन केंद्रात फोटो कसे काढावेत

मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट पॉल आवारात १९७४ पासून ‘द रॅप्टर सेंटर’ चालतं. वर्षाला हजाराच्या आसपास जखमी आणि विषबाधा झालेले शिकारी पक्षी तिथे येतात. कॅमेरा घेऊन गेलात तर त्यांतला एकही बहुधा तुमच्या नजरेला पडणार नाही, आणि ते योग्यच आहे. उपचार चालू असलेले पक्षी लोकांपुढे मांडायला अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. दाखवायचेच झाले तर व्हिडिओवरून, आडोशामागून किंवा एकतर्फी काचेतून, म्हणजे माणसांचा आवाज आणि वावर त्यांना रानात जेवढा जाणवला असता त्याहून जास्त जाणवू नये. जो पक्षी परत सोडायचा आहे त्याची माणसाबद्दलची भीती शाबूत राहायला हवी. अलास्कातल्या सिटकाच्या रॅप्टर सेंटरमध्ये बाल्ड ईगल (पांढऱ्या डोक्याचे गरुड) उडायचा सराव करतात तो मोठा हॉल लोकांना अशाच एकतर्फी काचेतून बघता येतो.

आपल्याला समोर दिसतात ते तिथले कायमचे रहिवासी. कुणाच्या पंखाचं हाड वाकडं जुळलेलं, कुणाचा डोळा गेलेला, कुणाला पिल्लू असताना माणसाने वाढवल्यामुळे माणूसच आपला जातभाई वाटतो. हे पक्षी रानात जगू शकत नाहीत, म्हणून त्यांना माणसांसमोर बसायचं शिक्षण दिलेलं असतं. पुढचं सगळं मार्गदर्शन या रहिवाशांचे फोटो काढण्याबद्दल आहे. प्रत्येकाच्या पिंजऱ्याबाहेर त्याचं नाव, जात आणि तो इथे का राहिला हे लिहिलेली पाटी असते. कॅमेरा बाहेर काढण्याआधी ती वाचा. उजव्या डोळ्याने आंधळ्या घुबडाच्या उजवीकडून चालत गेलात तर तुम्ही त्याच्या लेखी अचानक उगवता, ते दचकतं, आणि पुढची दहा मिनिटं फोटोची वेळ वाया जाते.

कुठे आणि कधी

मुलांकडे अमेरिकेला गेलेल्यांची ऑर्लँडोची फेरी ठरलेलीच असते. तिथून जवळच मेटलंडला ऑडुबॉन या पक्षीसंरक्षण संस्थेचं शिकारी पक्ष्यांचं केंद्र आहे. व्हरमाँटमध्ये क्विचीला निसर्गविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, तिथले पिंजरे झाडीत, उघड्यावर आहेत. इंग्लंडमध्ये अँडोव्हरजवळ हॉक कॉन्झर्व्हन्सी ट्रस्ट आहे. त्याचं स्वतःचं पक्ष्यांचं रुग्णालय आहे आणि उडत्या पक्ष्यांचे कार्यक्रमही होतात. मिनेसोटात असाल तर सेंट पॉलला जोडून वाबाशा करा. गाडीने साधारण दीड तास लागतो. वाबाशाचं नॅशनल ईगल सेंटर हे रुग्णालय नव्हे, पण तिथे कायमचे रहिवासी गरुड आहेत, आणि हिवाळ्यात समोरच्या मिसिसिपीचं पाणी चिपेवा नदीच्या संगमापाशी गोठत नाही, त्यामुळे मासे टिपायला रानटी बाल्ड ईगल तिथे जमतात. आत हाताच्या अंतरावर पक्षी नीट न्याहाळायचा आणि बाहेर तोच रानात टिपायचा, असा एका दिवसाचा बेत जमतो.

दिवस निवडताना आठवड्याचा मधला वार घ्या आणि दार उघडताच आत शिरा. पहिल्या तासात शाळांच्या सहली आलेल्या नसतात, ऊन तिरपं असतं आणि टर्की गिधाडं पंख पसरून उन्हात बसतात. अकरानंतर हे दृश्य सहसा मिळत नाही. ढगाळ दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं: पिंजऱ्याच्या गजांच्या सावल्या पक्ष्याच्या अंगावर पट्टे पाडत नाहीत. भर उन्हातल्या दुपारच्या फोटोत गरुड कैद्यासारखा दिसतो, त्याला कारण बहुतेक वेळा ह्या सावल्याच असतात.

मे ते जुलैमध्ये घरट्यातून पडलेल्या पिल्लांची रीघ लागते. नोव्हेंबरपासून, हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की, शिशाची विषबाधा झालेले गरुड येऊ लागतात. शिकारी हरणाची आतडी जंगलात टाकून जातात, त्यात गोळीचे शिशाचे कण असतात आणि गरुड ती खातात. या दिवसांत कर्मचाऱ्यांच्या हाताला उसंत नसते, तेव्हा “जरा आतलं दाखवता का” अशी गळ घालू नका.

जाण्याआधी विचारून घ्यायचं

ईमेल पाठवला तर उत्तर सहसा येतं. एवढं विचारा: ट्रायपॉड किंवा मोनोपॉड चालतो का (वाटा अरुंद असल्याने ट्रायपॉडला बहुतेक ठिकाणी नकार मिळतो), पक्षी हातमोज्यावर घेऊन बाहेर आणतात ती वेळ कोणती, खाणं केव्हा देतात, पिंजऱ्यांना तारेची जाळी आहे, उभ्या पट्ट्या आहेत की काच, आणि फोटो विकायचे किंवा छापायचे असतील तर त्याचे नियम काय. शेवटचा प्रश्न लोक टाळतात आणि मग अडकतात. शिक्षणासाठी परवाना घेऊन ठेवलेल्या पक्ष्यांचा जाहिरातीसाठी वापर करण्यावर अमेरिकेत निर्बंध आहेत, आणि केंद्राचे स्वतःचे नियम त्याहून कडक असू शकतात.

बऱ्याच केंद्रांत फोटोग्राफरसाठी वेगळी सत्रं ठेवतात. चार-पाच पक्षी एकामागून एक बाहेर आणून नैसर्गिक ओंडक्यावर बसवतात, मध्ये जाळी नसते. तिकीट महाग असतं, पण जाळीशी झगडण्यात तीन फेऱ्या घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: एका वेळी किती फोटोग्राफर असतात, किती पक्षी आणतात, आणि पक्ष्याची जागा सूर्यानुसार बदलतात का. पंधरा जणांच्या घोळक्यात एकच जागा आणि उलटा प्रकाश मिळणार असेल तर ते तिकीट घेऊ नका.

काय न्यावं

एकच लेन्स न्यायची तर ७०–२०० मिलिमीटर, एफ २.८ (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं). ती नसेल तर ८५ मिलिमीटर, एफ १.८ ही तुलनेने स्वस्त लेन्स जवळच्या पक्ष्यांसाठी छान चालते. १००–४०० ही उडत्या पक्ष्यांसाठी. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या किट झूमने, म्हणजे ५५–२५० ने, कामं होतात. फक्त तिची मर्यादा कुठे येते ते पुढे जाळीच्या भागात पाहा. मऊ रबरी हूड (लेन्सच्या तोंडावर बसवायची गोल कड) बाळगा. तो काचेवर टेकवायला लागतो. बॅटऱ्या दोन. मिनेसोटाच्या हिवाळ्यात दुसरी बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत ती झपाट्याने उतरते. बाहेरून उबदार खोलीत येण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून बंद करा आणि अर्धा तास उघडू नका, म्हणजे दव पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही.

कपडे गडद आणि मळकट रंगाचे घाला. याचा पक्ष्याला फारसा फरक पडत नसेलही, पण काचेत तुमचा पांढरा शर्ट लख्ख दिसतो. रुंद काठाची टोपी, छत्री, फुगे, बाळाची ढकलगाडी यांना काही पक्षी बुजतात. कुत्रा तर आणूच नका.

पक्षी काय सांगतो ते आधी बघा

पिंजऱ्यापुढे गेल्यावर दोन मिनिटं कॅमेरा खालीच राहू द्या. लांब लेन्सचं काळंभोर तोंड पक्ष्याला मोठ्या डोळ्यासारखं दिसतं. ते झपकन वर उचललं की तो तुमच्याकडे बघायचं सोडून तुमच्यापासून सुटायचं बघतो. हळू उचला आणि एकदा उचलला की तसाच धरून ठेवा.

निवांत पक्षी एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो, अंगाची पिसं सैल सोडतो, चोचीने पिसं विंचरतो. अस्वस्थ पक्ष्याची पिसं अंगाला चिकटून बसतात, तो सडपातळ दिसू लागतो, ऊन नसताना चोच उघडी ठेवून धापा टाकतो, पंख अर्धे उघडे धरतो. घुबडं तर अंग ताणून सुक्या फांदीसारखी उंच होतात, डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे असले तर ते ताठ करतात आणि डोळे बारीक करतात. ही मुद्रा फोटोत रुबाबदार दिसते, म्हणून नवशिके ती आवर्जून टिपतात. जाणत्याला मात्र त्यात घाबरलेलं घुबड दिसतं. असं झालं की दोन पावलं मागे या, बाजूला वळा आणि थोडा वेळ दुसरीकडे बघा. शिट्ट्या, टाळ्या, चुटक्या किंवा मोबाईलवर वाजवलेली हाक यांतलं काहीही करू नका.

दोन हालचाली ओळखायला शिका, त्या आधी सूचना देऊन येतात. पहिली, अंग झटकणं. पक्षी आधी सगळी पिसं फुलवतो, चेंडूसारखा गोल होतो, आणि दोन-तीन सेकंदांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत झटका देतो. फुलू लागला की बोट बटणावर. शटर १/१००० सेकंदाला ठेवलं तर पिसं न् पिसं सुटी दिसतील. १/६० ला डोकं स्थिर आणि अंग धुक्यासारखं, असा एखादा फोटो दहांत साधतो. दुसरी हालचाल जास्त उपयोगाची: ससाण्यांपेक्षा वेगळे असे बाज आणि गरुड विष्ठा टाकण्याआधी पुढे झुकतात, शेपटी उचलतात आणि पिचकारी आडवी, लांबवर मागे मारतात. म्हणजे एक तर त्यांच्या मागे उभं राहू नये. आणि दुसरं, हलकं झाल्यावर बरेचदा पक्षी लगेच उडी घेतो, तेव्हा शेपटी उचलताच शटर १/२००० वर नेऊन तयार राहा.

खाताना पक्षी पंख पसरून भक्ष्यावर मांडव घालतो आणि पाठ तुमच्याकडे करतो. तिथे घाई उपयोगाची नाही. तीन-चार घास तोडल्यावर तो आजूबाजूला कुणी चोर आहे का बघायला मान वर करतोच. शिवाय शिकारी पक्ष्यांना तिसरी पापणी असते. ती डोळ्यावरून आडवी सरकली की डोळा दुधाळ, आजारी दिसतो. म्हणून एकेक फोटो न काढता चार-पाचाची सलग फैर काढा, म्हणजे एकात तरी डोळा स्वच्छ मिळतो.

जाळी नाहीशी कशी करायची

सगळ्यात जास्त फोटो इथेच बिघडतात, म्हणून थोडं खोलात जाऊ.

जाळी पुसट होते ती लेन्सच्या तोंडाच्या प्रत्यक्ष रुंदीमुळे. फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने भागा, म्हणजे प्रकाश जिथून आत येतो त्या छिद्राचा व्यास मिळतो. २०० भागिले २.८ म्हणजे सुमारे ७१ मिलिमीटर. २५० भागिले ५.६ म्हणजे ४५. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचा हाच व्यास जेमतेम ४ मिलिमीटर भरतो. आता दोन मिलिमीटर जाडीची तार मधे आली असं धरा. ७१ मिलिमीटरच्या तोंडापुढे ती क्षुल्लक आहे, प्रकाश दोन्ही बाजूंनी वळसा घालून जातो आणि फोटोत फक्त थोडा फिकेपणा येतो. मोबाईलच्या तोंडाचा तीच तार अर्धा भाग झाकते, म्हणून मोबाईलच्या फोटोत जाळी ठळक येते. महागड्या मोबाईलनेही हा हिशोब बदलत नाही.

यावरून करायच्या गोष्टी, क्रमाने:

१. एफचा आकडा लेन्स जाईल तितका लहान करा, झूम शक्य तितका लांब घ्या.

२. कठड्याच्या आत न वाकता जाळीच्या जास्तीत जास्त जवळ जा. कठडा एखाद-दीड मीटरवर असतो, तेवढं चालतं. त्यावरून हात किंवा लेन्स आत घालू नका. जाळीत बोट घातलं तर गरुडाच्या दृष्टीने ते मांसच आहे.

३. पक्षी जाळीपासून निदान दीड-दोन मीटर आत असताना फोटो घ्या. पक्षी जाळीला खेटून बसलेला असेल तर ही युक्ती चालत नाही. तिथे थांबा नाहीतर पुढच्या पिंजऱ्याकडे जा.

४. जाळीच्या अगदी समोर उभे राहा. तिरकं बघितलं की तारा एकमेकींच्या जवळ येतात आणि पडदा दाट होतो.

५. सावलीतला जाळीचा तुकडा शोधा. उन्हात चमकणारी गॅल्व्हनाइज्ड तार कितीही पुसट केली तरी फोटोवर पांढरं धुकं धरते. काळ्या रंगाची जाळी या बाबतीत फारच सोयीची. सावली मिळत नसेल तर सोबतच्या माणसाला बाजूला उभं करून त्याच्या अंगाची सावली त्या तुकड्यावर पाडा.

६. पक्ष्यामागची जाळीही बघा. मागची भिंत त्याच्यापासून जितकी दूर तितकी पार्श्वभूमी मऊ. अर्धं पाऊल डावी-उजवीकडे सरकलं तरी मागचा उन्हातला खांब डोक्यामागून निघून जातो.

कॅमेऱ्याचा ऑटोफोकस जाळीवरच अडकतो, कारण ती जवळ आणि ठळक असते. सगळ्या चौकटीवर फोकस शोधू न देता एकच लहान बिंदू घ्या आणि तो डोळ्यावर ठेवा. लेन्सवर फोकसचं अंतर मर्यादित करायचं बटण असेल तर ते लांबवर लावा. तरीही भरकटत असेल तर हाताने फोकस करा. पक्षी बसलेला आहे, तो कुठे जात नाही. पक्ष्याचा डोळा ओळखणारे नवे कॅमेरे हे काम बरंच सोपं करतात, पण जाळी दाट असली की तेही फसतात. घरी आल्यावर संगणकात काळा भाग किंचित खोल करा आणि डीहेझ (धुरकटपणा काढायची सोय) थोडं वाढवा. जाळीने खाल्लेला कस बराचसा परत येतो.

काही केंद्रांत तारेऐवजी उभ्या लाकडी पट्ट्या किंवा गज दिसतील. त्यामागे पक्ष्याचा विचार आहे: तारेत पंखांची पिसं तुटतात आणि चोचीच्या मुळाशी जखमा होतात. पट्ट्यांमधल्या फटीसमोर लेन्सचा मध्य आणून उभं राहिलं की फोटो स्वच्छ येतो. काच असेल तर रबरी हूड काचेवर टेकवा आणि काटकोनात बघा. ध्रुवण फिल्टर प्रतिबिंब कमी करतो, पण त्यासोबत दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाशही खातो, आणि पिंजऱ्यात तो आधीच कमी असतो.

मोबाईलवाल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. जाळीची भोकं अंगठ्याएवढी असतील आणि कठडा नसेल, तर कर्मचाऱ्याला विचारून मोबाईलची लेन्स एका भोकासमोर धरता येते. नाहीतर हातमोज्यावर पक्षी बाहेर येईल तेव्हाची वाट पाहा. मोबाईलचे उत्तम फोटो तिथेच मिळतात.

उजेड आणि आकडे

बाल्ड ईगलचं डोकं पांढरंशुभ्र आणि अंग गडद तपकिरी. कॅमेरा गडद अंगाकडे बघून फोटो उजळ करतो आणि डोक्याचा चुना होतो, एकही पीस दिसत नाही. तेव्हा हाताने सेटिंग लावा आणि पांढऱ्याला वाचवा. लख्ख उन्हात एफ ५.६, आयएसओ (प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ४००, १/३२०० हा सुरुवातीचा आकडा. ढगाळ हवेत एफ ५.६, आयएसओ ८००, १/८००. मागच्या पडद्यावर जळालेला भाग लुकलुकतो ती सोय चालू ठेवा. डोकं लुकलुकलं की शटर एक पायरी जलद करा. अंग काळवंडलं तरी चालेल, रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) ते उजळता येतं. जळालेलं पांढरं परत येत नाही. हे डोकं पूर्ण पांढरं व्हायला साधारण पाच वर्षं लागतात, त्यामुळे शेजारच्या पिंजऱ्यातला ठिपक्याठिपक्यांचा मोठा पक्षी वेगळी जात समजून पुढे जाऊ नका. तो तरुण बाल्ड ईगल असू शकतो.

बसलेल्या पक्ष्याला १/२५० पुरतं, मान वळवणाऱ्याला १/८०० लागतं. आयएसओ ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ६४०० करा. थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला डोळा चालत नाही. झाडाखालच्या पिंजऱ्यात पानांतून येणारा उजेड हिरवट असतो आणि गव्हाणी घुबडाचा पांढरा चेहरा शेवाळल्यासारखा दिसतो. तिथे व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर न सोडता पिंजऱ्यातल्याच एखाद्या राखाडी दगडावरून ठरवा. गव्हाणी घुबडाचे डोळे पूर्ण काळे असल्याने त्यांत उजेडाचा ठिपका नसेल तर चेहरा निर्जीव वाटतो. आकाशाचा मोकळा तुकडा त्याच्या डोळ्यात पडेल अशी बाजू शोधा.

फ्लॅश वापरायचा नाही, आणि फोकससाठी कॅमेरा जो लाल दिवा लावतो तोही सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. हा दिवा लोक हमखास विसरतात. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर चांगलं, पण एलईडी दिव्यांच्या खोलीत त्याने फोटोवर आडवे पट्टे येतात. तिथे साधं शटर वापरा आणि अमेरिकेत १/६० किंवा १/१२५, इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे १/५० किंवा १/१०० ठेवा. दोन्हीकडच्या विजेची आवर्तनं वेगळी आहेत, म्हणून हा फरक. उडत्या पंखांनाही इलेक्ट्रॉनिक शटर वाकडे करतं.

आणि वरून खाली बघून फोटो काढू नका. शिकारी पक्ष्याला आपल्यापेक्षा उंच बसलेलं सुरक्षित वाटतं. बसायची काठी खाली असेल तर तुम्ही गुडघ्यावर या. पक्ष्याला बरं वाटतं आणि फोटोतही डोळ्याला डोळा भिडतो.

हातमोज्यावर आणि हवेत

हातमोज्यावर आणलेल्या पक्ष्याच्या पायात चामड्याच्या वाद्या असतात. त्या लपवायच्या असतील तर छातीपासून वर चौकट धरा. न लपवता हाताळणाऱ्याचा चेहरा आणि पक्ष्याची नजर एकत्र घेतली तर तोही फोटो चांगला होतो, बरेचदा जास्त बोलका. पक्षी एकदम मोज्यावरून फडफडत उलटा लोंबकळला तर कॅमेरा खाली करा आणि जागीच थांबा. हाताळणारा त्याला हळुवार वर घेईल, त्या वेळी सगळ्यांचे कॅमेरे तोंडावर आले तर पक्षी पुन्हा उडी घेतो.

उड्डाणाच्या कार्यक्रमात वाऱ्याची दिशा बघा. पक्षी उतरताना वाऱ्याकडे तोंड करतो. वारा तुमच्या पाठीवर आणि सूर्यही पाठीमागे असेल अशी जागा पकडली तर तो तुमच्याकडे तोंड करून पंख पसरेल. अशी जागा रांगेच्या मध्यभागी असेलच असं नाही, म्हणून वीस मिनिटं आधी या. पहिलं उड्डाण नुसतं बघा: पक्षी एका खांबावरून दुसऱ्यावर जवळपास त्याच वाटेने जातो.

झूम किती ठेवायचा याचा हिशोब घरीच करून ठेवा. फुल फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्याला २०० मिलिमीटरवर, १० मीटर अंतरावर, चौकटीची रुंदी १.८ मीटर भरते. बाल्ड ईगलचे पसरलेले पंख १.८ ते २.३ मीटर. म्हणजे पंख कापलेच जाणार. १३५ वर या, २.६ मीटर जागा मिळते. गव्हाणी घुबडाला मात्र २०० ठीक. शटर घुबडाला १/१२५०, हॅरिस हॉक या बाजाला १/२०००, आमिषावर झेपावणाऱ्या ससाण्याला १/३२००. सलग फोकस आणि मधला फोकसचा पट्टा ठेवा, पक्षी खांबावरून सुटण्याआधीच त्याला धरा. हवेत आल्यावर शोधायला गेलात तर सापडेपर्यंत तो उतरलेला असतो.

पिसं उचलू नका

वाटेवर पडलेलं पीस खिशात टाकायचा मोह भल्याभल्यांना होतो. अमेरिकेत १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आणि १९४० चा गरुड संरक्षण कायदा यांच्याखाली गळून पडलेलं पीस जवळ बाळगणंही गुन्हा आहे. गरुडांची पिसं कोलोरॅडोतल्या राष्ट्रीय भांडारात जातात आणि तिथून मूळनिवासी जमातींना त्यांच्या विधींसाठी दिली जातात. तुम्हाला सापडलं तर कर्मचाऱ्याला दाखवा आणि जमिनीवरच त्याचा फोटो घ्या.

घरी आल्यावर

फोटोच्या नावातच केंद्र, पक्ष्याची जात आणि ‘पाळीव स्थितीत’ हे लिहून टाका. सहा महिन्यांनी कोणता रानातला होता ते आठवत नाही. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर असे पक्षी नोंदवायचे नसतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवलात तर पाळीव असल्याची खूण करा. स्पर्धेला पाठवण्याआधी नियम वाचा. पायातली वादी संगणकात पुसून भिंतीवर लावायला हरकत नाही, पण ती पुसून फोटो ‘जंगलातला’ म्हणून दाखवला तर ती फसवणूक आहे, आणि पंखांची झिजलेली टोकं बघून जाणकार ती ओळखतातही.

महाराष्ट्रात

आपल्याकडे अशी सहल निघत नाही. पुण्यात बावधनला किंवा नागपुरात सेमिनरी हिल्सवर ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहेत, पण ती रुग्णालयं आहेत, पर्यटनाची ठिकाणं नव्हेत. हरियाणातलं पिंजोरचं गिधाड प्रजनन केंद्रही लोकांसाठी खुलं नाही. ओळख काढून आत शिरायचा प्रयत्न करू नका. कॅमेऱ्याची हौस हिवाळ्यात भिगवणला ऑस्प्रे आणि भोवत्या या शिकारी पक्ष्यांवर भागवा, नाहीतर गच्चीवरून घारींवर. उडत्या घारीने १/२००० चा सराव जितका होतो तितका दुसऱ्या कशानेच होत नाही.

जखमी घार किंवा घुबड मात्र तुमच्या हाती कधीही लागू शकतं, संक्रांतीच्या सुमारास तर हमखास. ओळख पटवण्यापुरता लांबून एक फोटो काढा आणि कॅमेरा ठेवून द्या. उन्हाळ्यात जमिनीवर बसलेलं पिल्लू जखमी नसेलही, उडायला शिकत असेल. रक्त किंवा लोंबणारा पंख नसेल तर आधी लांबून बघा, आई-बाप आसपास असतात. जखमी असेल तर जाड टॉवेल अंगावर टाकून पाय आधी ताब्यात घ्या, कारण धोका चोचीपेक्षा नख्यांचा. मांजा पंखात अडकला असेल तर तो ओढू नका, दोन्ही बाजूंनी वीतभर सोडून कापा. बाकीचं डॉक्टर काढतील. घारीला साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटरचं पुठ्ठ्याचं खोकं पुरतं. बाजूंना पेन्सिल जाईल अशी आठ-दहा भोकं पाडा आणि तळाला जुना टॉवेल घाला. वर्तमानपत्रावर पाय घसरतात. झाकण लावून खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. मांसाचे तुकडेही भरवू नका. झाकण उघडून कुणाला दाखवू नका, मांडीवर घेऊन फोटो नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पक्षी घरी ठेवून घेता येत नाही. वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ आहे. फोन लावल्यावर पक्षी नेमका कुठे आणि किती वाजता सापडला ते सांगा. बरा झाला की शक्यतो त्याच भागात त्याला सोडतात.